लांबचा बोल्ट आधी

रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात मला ट्रेनिंग ऑफिसर केलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. मी डिप्लोमा झालेला, पेणचा, बारीक आवाजाचा, कामगारांवर ओरडता न येणारा सुपरवायझर होतो आणि शिफ्टमध्ये माझा काही उपयोग होत नव्हता. तेव्हाच्या वर्क्स मॅनेजरांनी एक दिवस बोलावून सांगितलं की उद्यापासून तू नव्या माणसांना शिकव, तिथे ओरडावं लागत नाही. ते मला लागलं होतं. नंतरच्या वर्षांत त्या कारखान्यात माझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्या मानाने ते फारच सभ्य होतं.

नव्वदीची सुरुवात होती. कंपनीने दुसरा प्लांट उभारला होता आणि त्यासाठी आसपासच्या गावांतली माणसं घेतली होती. पहिल्या तुकडीत अकरा जण होते. कोणी जवळच्या वरसे गावचा, कोणी रोह्याच्या बाजारात हमाली केलेला, तिघे पेणच्या खाडीकडचे. त्या तिघांत एक चाळिशी ओलांडलेला गृहस्थ होता. उभी हयात मिठागरावर काढलेला. बांध फुटून खाडीचं पाणी आत आलं, मालकाने मिठागर पुन्हा उभं केलं नाही, म्हणून तो कंपनीत आला होता. सगळे त्याला काका म्हणत. मीही म्हणू लागलो.

पहिले पंधरा दिवस मी जे केलं त्याची लाज वाटते. कॅन्टीनच्या मागे एक खोली होती, तिथे फळा होता. मी कंपनीचं जाड मॅन्युअल हातात घेऊन उभा राहायचो आणि पहिल्या पानापासून सांगत सुटायचो. दाब म्हणजे काय, पंपाचे प्रकार किती, कोणत्या रसायनाचा उत्कलनांक काय. सकाळभर मी बोलायचो आणि ते ऐकायचे. जेवणानंतर निम्मे पेंगायचे. मी घरी येऊन बायकोला सांगायचो की या लोकांना शिकायचंच नाही, फक्त हजेरी लावायची आहे. ती म्हणायची, तुम्ही कॉलेजात झोपत नव्हता का. मी तिचं बोलणं थट्टेवारी नेलं.

पंधराव्या दिवशी मी त्यांना प्लांटमध्ये नेलं. एका पंपाची जाळी साफ करून दाखवा म्हणालो. या कामावर मी फळ्यासमोर अख्खे दोन दिवस घालवले होते. काम तसं साधं. टाकीतून कॉस्टिक सोड्याचं पाणी पंपाने पुढे जातं, पंपाच्या अलीकडे लाइनमध्ये एक जाळी असते, तिच्यात गाळ अडकतो आणि ती दर काही दिवसांनी काढून धुवावी लागते. कॉस्टिक हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, लगेच झोंबतही नाही, पण डोळ्यात गेलं तर डोळा खाऊन टाकतं. म्हणून कामाला क्रम आहे. पंप बंद करायचा. जाळीच्या दोन्ही बाजूंचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद करायचे. खालचा वॉल उघडून मधली लाइन रिकामी करायची. मगच जाळीवरच्या झाकणाच्या बोल्टना पाना लावायचा. आणि तेव्हासुद्धा आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करायचा, म्हणजे आत काही राहिलं असेल तर ते पलीकडे उडतं, आपल्या तोंडावर येत नाही.

त्या दिवशी लाइन धुतलेली होती, आत नुसतं पाणी होतं. म्हणून बरं. पहिला माणूस थेट बोल्टलाच जाऊन भिडला. दुसऱ्याने एक वॉल बंद केला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तिसरा म्हणाला, मॅन्युअल आणा, मी वाचून सांगतो. अकरापैकी एकालाही ते आलं नाही. मी चिडलो. माझ्या बारीक आवाजात जेवढं चिडता येतं तेवढा चिडलो. पंधरा दिवस काय केलंत असं विचारलं.

काका पुढे झाले. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. शांतपणे म्हणाले, "सायब, तुमी बोललात ते समदा आयकला. पन हाताला कायच म्हायत नाय."

संध्याकाळी पेणच्या एसटीत बसलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या घरासमोर गणपतींचा एक कारखाना होता. लहानपणापासून मी तो बघत आलो होतो. त्या वर्षी तिथे एक नवी बाई कामाला लागली होती, नवरा गेल्यावर. मी दोन-चार दिवस मुद्दाम खिडकीत उभा राहून तिला बघितलं. तिला कोणी व्याख्यान दिलं नव्हतं. तिच्या हातात ब्रश देऊन पीतांबराचा सपाट रंग लावायला बसवली होती. चुकला तर ओल्या फडक्याने पुसता येईल असा. शेजारी मुरलेली बाई बसलेली. चूक झाली की ती तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवायची, संध्याकाळपर्यंत थांबायची नाही. रोज तेच काम. ते हातात बसलं मग बाजूबंद, मग मुकुट. डोळ्यांची आखणी तर पुढच्या कितीतरी हंगामांनंतरची गोष्ट. मी जन्मभर हे समोर बघत होतो आणि याला शिकवणं म्हणतात हे मला कधी सुचलं नव्हतं. शिकवणं म्हणजे फळा, असंच मी धरून चाललो होतो.

मी वर्क्स मॅनेजरांकडे जाऊन भंगारातला एक पंप मागितला. ते म्हणाले, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. एका फिटरला गळ घातली आणि चार दिवसांत स्टोअरच्या मागे पत्र्याच्या शेडखाली आम्ही खऱ्यासारखी लाइन उभी केली. टाकी, पंप, जाळी, तिन्ही वॉल, सगळं जागच्या जागी. टाकीत पाणी. आणि त्या पाण्यात घरासमोरच्या गणपतींच्या कारखान्यातून मागून आणलेला निळा रंग.

मग मी शिकवायची रीत पार बदलली. डोळ्यांना चष्मा लावायचा, हातमोजे घालायचे आणि थेट कामाला लागायचं. आधी करायचं, का करायचं ते मागाहून. ज्याने जवळचा बोल्ट आधी सोडला त्याचा शर्ट निळा. ज्याने खालचा वॉल उघडला नाही त्याची पँटही निळी. पहिल्या दिवशी काका सोडून सगळे निळे होऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकांच्या तक्रारी माझ्यापर्यंत पोचल्या. पण दुसऱ्या दिवशी निळे फक्त चार जण झाले. ओले झाल्यावर ते स्वतःच विचारायचे, पाणी अंगावर का आलं? त्यांनी विचारलं की मग मी दाब म्हणजे काय ते सांगायचो, आणि तेच दाबाचं प्रकरण, जे फळ्यावर तासभर ऐकून कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, पाच मिनिटांत शिरायचं.

चुकाही केल्या मी. एक काम जमलं म्हणून ते सोडून पुढच्याला लागलो आणि दहा दिवसांनी बघितलं तर निम्मे विसरलेले. वैतागून काकांना म्हणालो, एवढं छान येत होतं, गेलं कुठे. काका म्हणाले की मिठागराचा तळ एकदा तुडवून भागत नाही. तुडवायचा, सुकू द्यायचा, पुन्हा तुडवायचा, तेव्हा तो पाणी धरतो. त्यांनी ते सहज सांगितलं. त्यांना कुठे माहीत होतं की मी ते वहीत लिहून ठेवणार आहे. तेव्हापासून प्रत्येक काम दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा करून घेऊ लागलो. इंग्रजी नावांचा हट्टही सोडला. ते ड्रेनला खालचा वॉल म्हणायचे, मीही खालचा वॉल म्हणू लागलो. ज्याला जमलं त्याने दुसऱ्याला शिकवायचं, आणि शिकवणारा अडखळला तर त्यालाही अजून पुरतं आलेलं नाही असं समजायचं.

डोळ्यात काही गेलं तर काय करायचं, याचाही सराव घ्यायचो. प्लांटमधल्या सेफ्टी शॉवरखाली नेऊन पापण्या बोटांनी ताणून उघड्या धरायच्या आणि पाणी चालू ठेवायचं. समोरचा ओरडला, हात झटकले, तरी सोडायचं नाही. हे सगळ्यांना नकोसं वाटायचं. काका मात्र एकेकाला धरून करून घ्यायचे.

दोन-अडीच वर्षांत तीन तुकड्या त्या शेडमधून गेल्या. त्यातल्या कोणाच्याही अंगावर प्लांटमध्ये कॉस्टिकचा थेंब उडाला नाही. काका तर पंप कुरकुरू लागला की नुसता हात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगायचे. वर्षानुवर्षं पायाच्या तळव्याने मीठ कधी धरेल ते ओळखणारा माणूस, त्याला ते जड नव्हतं. मी आयुष्यात कुठलं काम बरं केलं असेल तर ते एवढंच.

मग वर्क्स मॅनेजर बदलले. जुने निवृत्त झाले, नवे बाहेरून आले. त्याच सुमारास परदेशी गिऱ्हाईक मिळवायचं म्हणून कंपनीला गुणवत्तेचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी फायली हव्या होत्या. ज्या खात्यात कधी कपाट नव्हतं तिथे कपाटं आली. नवे साहेब शेड बघायला आले, पाच मिनिटं थांबले. एक जण निळा झाला ते बघून हसलेही. नंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "यातून कागद काय निघतो?"

मी म्हणालो, कागद निघत नाही, माणसं निघतात. मला वाटलं, मी फार चांगलं बोललो. ते म्हणाले, "माणूस शिकला हे ऑडिटरला दिसलं पाहिजे. तुमच्या निळ्या पाण्यात त्याला काय दिसणार?"

मग फॉर्म आला. शिकणाऱ्याचं नाव, विषय, किती दिवस, परीक्षेतले मार्क, शिकवणाऱ्याची सही. परीक्षा लेखी. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर त्यावर खूण करायची. जुन्या माणसांनीही ती द्यायची असं ठरलं. पर्याय मराठीत होते, पण ते मराठी कोणी बोलत नाही असं होतं. काका दुसरीपर्यंत शिकलेले. त्यांना सही यायची, पाटी वाचता यायची, तेवढंच. ते दोनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी नापास झाले तर प्लांटमध्ये ठेवता येणार नाही असा नियम होता.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त जाणतो, याची परीक्षा पंपावर घ्या. ते म्हणाले, एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. मग मी भलताच मार्ग काढला. आदल्या दिवशी काकांना स्टोअरच्या मागे बोलावून सांगितलं की मी तुम्हाला उत्तरांचा क्रम सांगतो, तेवढा पाठ करा. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला नव्हता, उलट माझीच काळजी वाटत असावी.

"मना येतंय, सायब," ते म्हणाले. "तुमाला दिसतंय. मंग कागदावर खोटा कशाला?"

ते तिसऱ्यांदा नापास झाले. त्यांना गोदामात पोती चढवायला टाकलं. त्यांच्या जागी लेखी परीक्षेत वीसपैकी वीस मिळवलेला पदवीधर आला. तो वाईट नव्हता. पण त्याने पंपाला कधी हात लावला नव्हता आणि आता त्याला हात लावायला शिकवायची कोणाला गरज वाटत नव्हती, कारण कागदावर तो शिकलेला होता.

शेड त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पाडली. ठेकेदाराच्या माणसांना बसायला जागा हवी होती. पंप, टाकी, वॉल, सगळं भंगारवाल्याने टेम्पोत टाकून नेलं. मी स्टोअरच्या दारात उभा राहून बघितलं. 

ठेकेदाराची माणसं म्हणजे आता निम्मा प्लांट. त्यांचं ट्रेनिंग दीड तासाचं. कॅन्टीनच्या मागच्या त्याच खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. हिंदीतली कॅसेट लावायची, त्यात पांढरी टोपी घातलेला माणूस हसत हसत वॉल फिरवायचा. कॅसेट संपली की परीक्षेचे कागद वाटायचे, उत्तरं फळ्यावर लिहायची, सगळ्यांनी खुणा करायच्या. आणि फॉर्मवर लिहायचं, प्रशिक्षण पंधरा दिवस. खाली माझी सही.

पहिल्या वेळी मी फॉर्म टेबलावर तसेच ठेवले. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला. म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता, प्रत्यक्ष काम त्यांना सुपरवायझर दाखवतीलच, हे फक्त रेकॉर्ड आहे. आणि जमत नसेल तर गुजरातेतल्या प्लांटला शिफ्टमध्ये एक जागा आहे. मुलगी पेणच्या शाळेत नुकती रुळली होती. आई अंथरुणाला खिळलेली. मी ते फॉर्म तिथेच सही करून दिले.  चहा गरम होता, तो पीत पीत सह्या केल्या. पुढच्या तुकडीला तर मी नावंही वाचली नाहीत.

अशाच एका तुकडीत रोह्याजवळच्या आदिवासी वाडीतला एक माणूस होता. तिशीचा असेल. वीटभट्टीवर आणि शेतावर काम केलेला, अंगाने काटक, डोळे सगळीकडे फिरणारे. कॅसेट संपल्यावर सगळे उठून गेले, तो थांबला. टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "सायब, हे येकदा करून दाखवाल का? मना बगून नाय कलला."

इतक्या वर्षांत एवढा सरळ प्रश्न मला कोणी केला नव्हता. मी घड्याळात बघितलं. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. मी म्हणालो, सुपरवायझर दाखवतील. तो बरं म्हणाला आणि गेला. त्याला कोणीही दाखवलं नाही. मला हे माहीत होतं की कोणी दाखवणार नाही.

त्यानंतर दीडेक महिन्यांनी, ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी अकराच्या सुमाराला ते झालं. जाळी धुणारा नेहमीचा माणूस रजेवर होता. सुपरवायझरला समोर हा वाडीवरचा माणूस दिसला, त्याने त्यालाच सांगितलं. याने पंप बंद केला, एक वॉल बंद केला. टाकीकडचा वॉल उघडाच राहिला. खालचा वॉल त्याने बघितलासुद्धा नाही. झाकणासमोर उकिडवा बसला आणि हाताशी होता तो जवळचा बोल्ट सोडला.

गोदाम तिथून जवळ. ओरडणं ऐकून काका पोतं टाकून धावले. बाकीचे लांब उभे राहून बघत होते. काकांनी त्याला खांद्याला धरून शॉवरखाली ओढलं, त्याचे कपडे फाडले, आणि पापण्या बोटांनी ताणून धरल्या. तो हात झटकत होता, चावायला बघत होता. काकांनी सोडलं नाही. मी पोचलो तेव्हा ते दोघे त्या पाण्याखाली तसेच बसलेले होते आणि काकांच्या तळहातांची सालं निघाली होती. गाडी येईपर्यंत त्यांनी त्याला हलू दिलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, एक डोळा वाचला तो त्या पाण्यामुळे. दुसरा गेला.

तिसऱ्या दिवशी कंपनीची चौकशी बसली. लांब टेबल, एका बाजूला साहेब, पर्सोनेल खात्यातले अधिकारी आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला मी. फाइल उघडली. त्याचा फॉर्म सगळ्यांत वर होता. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. प्रशिक्षण पंधरा दिवस. परीक्षेत वीसपैकी अठरा. मग त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "सही तुमचीच ना?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी फॉर्म लगेच परत घेतला नाही. मला वाटतं, त्यांनाही वाटत होतं की मी आणखी काही बोलेन. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पंधरा दिवस नव्हे, दीड तास, आणि तोही नुसती कॅसेट बघण्यात. मी ते आदल्या दिवशी एसटीत बसून मनात दहादा म्हणून बघितलं होतं. पण मी ते बोललो नाही. म्हणजे माणूस प्रशिक्षित होता, असं साहेब म्हणाले आणि कारकुनाने ते लिहिलं.

मग काकांना साक्षीला आत बोलावलं. दोन्ही हातांना बँडेज होतं म्हणून ते खुर्ची ओढू शकले नाहीत, उभेच राहिले. त्यांनी सांगितलं की त्या माणसाला हे काम कोणी शिकवलेलं नाही. पर्सोनेलवाल्यांनी विचारलं, तुम्ही गोदामात असता, तुम्हाला कसं माहीत?

"शिकलेला मानूस जवलचा बोल्ट आधी सोडत नाय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायबांना इचारा."

मला कोणी विचारलं नाही. मी टेबलाकडे बघत बसलो. टेबलाला सनमायका होता, त्याचा एक कोपरा उडाला होता, तो मला अजून दिसतो. काकांचं म्हणणं प्रक्रियेशी संबंध नसलेल्या कामगाराचं मत म्हणून नोंदलं गेलं. अहवालात आलं की प्रशिक्षित असूनही कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला. ठेकेदाराने त्याचं नाव काढून टाकलं. निष्काळजी माणसाला परत घ्यायचं कारण नव्हतं.

माझी सही नसती तर त्यांना निदान उत्तर शोधावं लागलं असतं. माझ्या सहीने त्या माणसाला दोषी ठरवलं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दिवाळी झाल्यावर मी त्याच्या वाडीवर गेलो. हातात बिस्किटांचे पुडे होते. आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात तसे. तो ओट्यावर बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, गळ्यावर आणि हातावर गुलाबी डाग. मला बघून उठायला लागला, मी बस म्हणालो. बायकोने पाणी आणून दिलं, पुडे आत नेऊन ठेवले आणि ती दारात उभी राहिली. माफी कशी मागायची ते मी ठरवून आलो होतो. पण त्यानेच आधी सुरुवात केली. त्याला कोणीतरी अहवालात काय आहे ते सांगितलं होतं आणि त्याचा त्यावर विश्वास बसला होता.

म्हणाला, चूक माझीच झाली साहेब, तुमचं कंपनीत नाव खराब झालं असेल. मग म्हणाला, "पन सायब, बरोबर कसा करायचा व्हता?"

मी खाली बसलो. अंगणातले दगड उचलून दोन बाजूंचे दोन वॉल मांडले, मध्ये तांब्या ठेवला, ती जाळी. खाली एक खडा, तो खालचा वॉल. त्याच्याकडून हाताने करून घेतलं. आधी पंप. मग हा आणि हा. मग खालचा, आणि पाणी थांबेपर्यंत वाट बघायची. मग लांबचा बोल्ट. पहिल्यांदा तो खालचा वॉल विसरला. मी बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्यांदा बरोबर केलं. तिसऱ्यांदा न थांबता केलं. दहा-बारा मिनिटं लागली असतील सगळ्याला.

"येवढाच व्हता?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. मग त्याला सांगितलं की चूक त्याची नव्हती. मी शिकवलंच नव्हतं आणि शिकवलं असं कागदावर लिहून सही केली होती. त्याने तांब्या उचलून बाजूला ठेवला. दारातून त्याच्या बायकोने विचारलं, "हे तुमी तिथं सांगितलात का?"

मी नाही म्हणालो. ती आत गेली, बिस्किटांचे पुडे घेऊन आली आणि माझ्या चपलांपाशी ठेवले. आवाज न करता, नीट रचून ठेवले. मी ते उचलून घेऊन आलो. दुसरं काय करणार होतो.

त्या आठवड्यात मी साहेबांना पत्र लिहिलं. दीड तास, कॅसेट, फळ्यावर लिहिलेली उत्तरं, त्याने केलेला प्रश्न आणि मी बघितलेलं घड्याळ, सगळं लिहिलं. एक प्रत सरकारी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात पाठवली. तिथून पोच आली, पुढे काही आलं नाही. साहेब म्हणाले, केस बंद झाली आहे, आता हे उकरून तुम्ही स्वतःलाच खोटी कागदपत्रं केल्याचा दोषी ठरवताय. ते खरंच होतं. त्यांनी मला गुजरातेत पाठवलं नाही. स्टोअरमध्ये बसवलं, आणि मी कधी सोडून जातो याची वाट बघितली. सहा महिन्यांनी मी राजीनामा दिला. वाडीवरच्या माणसाला त्या पत्रामुळे काहीही मिळालं नाही. तो पुन्हा भट्टीवर जायला लागला असं ऐकलं.

पुढे मी पेणमध्ये पंप-फिटिंगचा छोटा वर्ग काढला. तिथे फळा नाही. लोक म्हणतात, तुमची शिकवायची पद्धत वेगळी आहे, कुठे शिकलात. मी धाटावला म्हणून सांगतो आणि विषय बदलतो.

स्टोअरमध्ये असतानाची एक सकाळ मात्र सांगायची राहिली. चौकशीनंतर काका माझ्याशी बोलायचे थांबले होते. पेणच्या स्टँडवर आम्ही एकाच एसटीला उभे असायचो. गाडी लागली की ते आधी मला चढू द्यायचे, मी कुठे बसतो ते बघायचे आणि मग लांबच्या बाकावर जाऊन बसायचे. पत्राची बातमी कंपनीभर झाली होती, त्यांच्याही कानावर गेली असणार. त्या सकाळी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. तळहातांची कातडी नवी आली होती, पातळ आणि चकचकीत. मला वाटलं, आता ते बरं केलंत म्हणतील. मला ते ऐकायची फार गरज होती.

गाडी फलाटाला लागली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी चवकशीत मी तुमच्याकडं बगत व्हतो, सायब."

मी म्हणालो, मला माहीत आहे.

त्यांनी मान हलवली, मला आधी चढू दिलं आणि स्वतः मागे जाऊन बसले.